चार शॉकअप घेऊन शिराळ्याला

परत येऊन आठवडा झाला, तरी माझ्या नखांतलं कुंकू अजून पुरतं निघालेलं नाही. कचेरीत फाईल पुढे सरकवताना साहेबांचं लक्ष गेलं. "कुठं पूजा होती का?" मी म्हणालो, "हो, शॉकअपची." साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. तुम्ही विचाराल असं वाटतं, म्हणून सगळं सांगतो.

सुरुवात आमच्या मुलापासून झाली आणि तो तर या प्रवासात नव्हताच. नोकरीला बेंगळुरूला जाताना त्यानं कपाटात एक रिमोटवर चालणारी बगी मागे ठेवली. हातभर लांब, उघड्या सांगाड्याची, काटेरी चाकांची, खड्ड्या-टेकाडांवरून उड्या मारत पळणारी शर्यतीची गाडी. तिला खेळणं म्हटलं की त्याला राग यायचा. कपाट आवरताना अलकानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ती बाहेर काढली, चार्ज केली आणि सोसायटीच्या बागेतल्या आळ्यांवरून अशी काही उडवली की माळी हात जोडून बाजूला झाला. त्यानंतर आमचे रविवार बदलले. पन्नाशीला टेकलेली ही बाई नाशिकबाहेरच्या माळावर कॉलेजच्या पोरांबरोबर शर्यती खेळायला लागली.

मीही एकदा रिमोट हातात घेतला होता. गाडी आपल्याकडे तोंड करून यायला लागली की डावं-उजवं उलटं होतं, हे मला ती गटारात गेल्यावर कळलं. तेव्हापासून माझी नेमणूक शॉकअपवर झाली.

ज्यांनी हा उद्योग कधी केला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोटरसायकलला असतो तसाच शॉकअप, फक्त बोटाएवढा. नळीत तेल, तेलात बारीक भोकं असलेली चकती, तिला जोडलेला चकचकीत दांडा, बाहेरून स्प्रिंग. तेल जाड भरलं तर शॉकअप सावकाश दबतो, पातळ भरलं तर चटकन. स्प्रिंगवर एक कडं असतं, ते फिरवलं की गाडीची ती बाजू वर उचलली जाते किंवा खाली बसते. एवढंच. पण या एवढ्याचसाठी माणसं घरात अबोला धरतात. जमिनीचा पोत बदलला की शॉकअप बदलायचा. अलका म्हणते "मऊ करा", मी म्हणतो "कडक पाहिजे", आणि आमचा संसार या दोन शब्दांच्या मध्ये झुलत असतो.

तर अलकाच्या भावाचा, धनाजीचा फोन आला. शिराळ्याच्या पलीकडे डोंगराकडेला त्यांचं गाव. गावच्या यात्रेत यंदा बैलगाड्यांच्या धर्तीवर रिमोटच्या गाड्यांची शर्यत ठेवली होती. "दाजी, तुमची गाडी घिऊन याच! आमी गावभर सांगितलंय, आमच्या दाजींची गाडी येणार म्हून!"

फोन स्पीकरवर होता. अलका भाजी निवडत होती. तिनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"कुणाची गाडी?"

"आगं अक्का, म्हंजे... तसं बोलायची रीत हाय."

ही रीत मला नंतर तिनं समजावून सांगितली. शर्यतीत गाडी सुटताना भोंग्यावरून मालकाचं नाव पुकारतात. ते नाव आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत ऐकू जातं, आणि त्यासाठीच माणसं जिवाचं रान करतात. "आणि आमच्या गावात भोंग्यावर बाईचा उल्लेख कधी होतो माहीत आहे? 'लहान मूल सापडलेलं आहे, त्याच्या आईनं स्टेजपाशी यावं.' तिथंही नाव नाहीच." मग तिनं जुडी पुन्हा उचलली. "मला माझं नाव ऐकायचंय. माझ्या गावात, भोंग्यावरनं. तुम्ही फक्त शॉकअप नीट ठेवा."

मी हो म्हणालो. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं या शब्दानं सुरू झाली आहेत.

शिरवळ

पुण्याच्या पुढे पहिला चहा शिरवळला घेतला. हमरस्त्याच्या कडेला कारखान्यांच्या भिंती आणि मध्येच एक मोकळा प्लॉट, त्यावर मुरूम टाकून दाबलेला. अलकाला दाबलेला मुरूम दिसला की तिचा पाय थांबत नाही. मी वडापाव हातात घेईपर्यंत बगी खाली उतरली होती.

नाशिकला शहाण्यासारखी पळणारी गाडी इथं बेडकासारखी उड्या मारायला लागली. खडा लागला की टुणकन वर. चहाच्या टपरीवरचे ट्रकवाले एकेक करत जमले. आपल्याकडे गाडीचं बॉनेट उघडलं की तज्ज्ञ जमतात. इथं तर बॉनेटही नव्हतं.

"हवा लय भरलीया," एकानं निदान केलं.

"याच्या टायरमध्ये हवा नसते, स्पंज असतो," मी म्हणालो.

"मग स्पंज कमी करा."

दुसरा उकिडवा बसून दांडे बघत होता. "लोड टाका वो मागं. मोकळी गाडी उडतीच. आमचीबी उडती." त्यानं स्वतःच्या पिशवीतला कांदा काढून बगीच्या पाठीवर ठेवला. अलकानं गाडी सोडली. कांदा उडाला, गाडी कांद्याच्या पुढे निघून गेली, आणि टपरीवर जो हशा झाला तो मला सहन करावा लागला, कारण शॉकअप माझे होते.

"मऊ करा," अलका म्हणाली.

मी मागचं तेल थोडं पातळ भरलं, डावीकडचं कडंही जरा फिरवलं. हे काम वडापावच्या हातानं करू नये, एवढं शिरवळनं मला शिकवलं.

सातारा

खंबाटकीचा घाट चढून उतरेपर्यंत अलकाच्या बोलण्यातला ह जागा बदलतो. घाटाच्या अलीकडे "आहे" म्हणणारी बाई पलीकडे "हाय" म्हणायला लागते. वीस-पंचवीस वर्षं मी हे बघतो आहे. नाशिकला माझ्याबरोबर राहते ती शाळेतली मास्तरीण, पण सासुरवाडीला पोचते ती वेगळीच कुणीतरी, जरा मोठ्यानं बोलणारी आणि जास्त हसणारी. मला दोघीही आवडतात. दुसरीची जरा भीती वाटते.

साताऱ्यात मुक्काम माझ्या साडूंकडे, म्हणजे अलकाच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांकडे होता. मेव्हणी मुलीच्या बाळंतपणाला परगावी गेलेली, त्यामुळे घरात एकटे सुभेदार. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण फौज त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी घर, अंगणात कुंड्या उंचीप्रमाणे रांगेत. आल्या आल्या त्यांनी आमच्या हातावर कंदी पेढा ठेवला आणि बगी टेबलावर ठेवून चहूबाजूंनी फेरी मारली.

"गाडी किसकी है?"

"माजी, भावजी," अलका म्हणाली.

"शाब्बास! और मेंटेनन्स?"

अलकानं माझ्याकडे बोट दाखवलं. सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं आणि एक पेढा परत डब्यात ठेवला.

सातारची थंडी नाशिकच्या थंडीची मोठी बहीण आहे. सकाळी उठून बघतो तर अंगणात आंघोळ करून, परीटघडीच्या कपड्यांत सुभेदार बगी पुसून उभे. "आवं पाव्हणं, तुमच्या गाडीत शिस्तच न्हवती. मी लावली." मी डोळे चोळत चहा घेतला आणि आभार मानले. कसली शिस्त, हे विचारायचं राहून गेलं. पाहुण्यांच्या घरी फार प्रश्न विचारू नयेत, असं माझं वळण आहे.

निघताना ते पिशवी घेऊन गाडीत येऊन बसले. "मीबी येतो. तुम्हा दोघांवर सोडण्यासारखं हे काम न्हाई."

उंब्रज

रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. एकामागे एक, पोट सुटल्यासारख्या भरलेल्या. आमच्याकडे हमरस्त्यावर द्राक्षांचे टेम्पो असतात, ते बिचारे लाजत कडेनं जातात. उसाची ट्रॉली कुणाला लाजत नाही.

उंब्रजला जेवायला थांबलो. अख्खा मसूर आणि रोटी. ज्यांना मसूर म्हणजे आजारी माणसाचं वरण वाटतं, त्यांनी हा प्रकार एकदा तरी खावा. आमच्याकडचा काळा मसाला जिभेवर बसून गप्पा मारतो. इथली कांदा-लसणाची चटणी उभ्या उभ्या जाब विचारते. मी पाणी प्यालो, मग ताक प्यालो, मग अलकाचं ताक प्यालो.

"सोसत न्हाई तर मागता कशाला?" ती म्हणाली.

"सोसतं की."

"डोळ्यांतनं पाणी येतंय."

"माहेरी चाललीस, म्हणून."

हॉटेलच्या मागे ऊस तुटून गेलेलं रान होतं. काळी, भुसभुशीत माती आणि पाचट. मालकाला विचारून अलकानं गाडी सोडली, आणि बगी नाक आभाळाकडे करून चालायला लागली. मागून बुड टेकलेलं, पुढची चाकं जेमतेम जमिनीला. वळायला सांगितलं की विचार करायची.

मी शॉकअप पाहिले आणि शिस्तीचा उलगडा झाला. चारही स्प्रिंगांवरची कडी एका रेषेत, एका उंचीवर, संचलनाला उभ्या जवानांसारखी.

"सुभेदार, ही कडी तुम्ही फिरवली?"

"मग! पुढची दोन वर, मागची दोन खाली. कसं दिसत होतं ते? आता बगा, लाइनमध्ये."

"अहो, मोटर मागे आहे. मागचं वजन जास्त, म्हणून मागची कडी जास्त आवळायची असतात."

सुभेदार विचारात पडले. दुसरा कुणी असता तर वाद घातला असता. त्यांनी मात्र कमरेवर हात ठेवून बगीकडे पाहिलं, मग हॉटेलमालकाकडे, मग माझ्याकडे. "ठीक हाय. लोड के हिसाब से. पण डावं-उजवं तरी सारखं ठेवा, पाव्हणं. त्येबी न्हवतं." हे मात्र खरं होतं. डावीकडचं कडं मी शिरवळला वडापावच्या हातानं फिरवलं होतं.

बांधावर बसून आम्ही दोघांनी कडी पुन्हा लावली. मग गाडी वीतभर उंचीवरून सोडायची आणि आवाज ऐकायचा. 'टप-टप' झालं तर ती उड्या मारते आहे, एकदाच 'धप्प' झालं तर जमलं. दोन प्रौढ गृहस्थ उसाच्या रानात गाडी उचलतात, सोडतात आणि कान लावून ऐकतात, हे बघायला हॉटेलातले वेटर बाहेर आले होते.

धप्प झालं. अलका हसली. खरं सांगायचं तर या सगळ्या प्रवासात माझे शॉकअप तेवढ्याच वेळी उत्तम होते.

माहेर

पेठ नाक्यावरून उजवीकडे वळलं की डोंगर जवळ यायला लागतात. नाशिकला कुणालाही शिराळ्याला चाललो म्हणून सांगितलं की लोक नागांबद्दल विचारतात. नागपंचमीला सहा महिने अवकाश असला तरी विचारतात. मी नेहमी सांगतो की तिथं मला एकाच गोष्टीची भीती वाटते, ती म्हणजे सासुरवाडीचा पाहुणचार. थट्टेनं म्हणत असे. यंदा ते खरं ठरलं.

अंगणात सासूबाई आरतीचं ताट घेऊन उभ्याच होत्या. शेवंताबाई त्यांचं नाव. ठेंगण्या, ठसठशीत, आणि कुणाला जेवल्याशिवाय सोडायचं नाही हा त्यांचा एकच बाणा. नव्या गाडीची पूजा या घरात रीतसर होते. ट्रॅक्टरची झाली, धनाजीच्या मोटरसायकलची झाली. मग लेकीच्या गाडीची नको?

धनाजीनं चार लिंबं आणली आणि चारी चाकांखाली ठेवली. ट्रॅक्टरखाली लिंबू फुटतं. बगीचं वजन एखाद्या भोपळ्याएवढं. ती लिंबांवर चढून नुसतीच बसली, चौरंगावर बसल्यासारखी.

"अक्का, चालीव!"

अलकानं रिमोट दाबला. तीन लिंबं तीन दिशांना गेली. चौथं सुभेदारांच्या नडगीवर बसलं. ते दगडासारखे उभे राहिले, पण डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. ते हिंदीत होतं आणि पूजेतलं नव्हतं.

मग सासूबाईंनी हळद-कुंकवाचा करंडा उघडला आणि माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, यात मुख्य काय असतंय वो?"

आता खरं उत्तर बॅटरी किंवा मोटर. पण आजवर त्या घरात मला कुणी काही तांत्रिक विचारलं नव्हतं. मी खाकरलो. "आई, सगळं शॉकअपवर असतं बघा. हे चार दांडे. हे ठीक, तर गाडी ठीक."

"व्हय?" त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी बोट भरून हळद घेतली, बोट भरून कुंकू घेतलं, आणि चारही दांड्यांना वरपासून खालपर्यंत मायेनं माखलं.

शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा पातळ थर असतो. तळाशी एक रबरी कडी असते, ती तेल आत अडवून धरते, तिला सील म्हणतात. त्या दांड्याला धुळीचा कणही लागू नये म्हणून मी नाशिकहून तीन प्रकारची फडकी आणली होती. अलकानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. सासूबाईंनी दांड्यांवर अक्षता टाकल्या आणि हात जोडले.

सांगा, कुठला जावई म्हणेल की आई, पुसून टाकतो?

नंतर पुसलं, पण वरवर. सासूबाईंनी शेंगोळ्या वाढायला घेतल्या होत्या.

मैदान

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या माळावर मैदान भरलं. मुरमाचा गोल रस्ता, मध्ये वळणं, आणि उड्या मारण्यासाठी तीन टेकाडं. टेकाडं जेसीबीनं केली होती, आणि जेसीबीवाल्याला लहान काही करताच येत नव्हतं. तिसरं टेकाड एवढं की त्यावर एक म्हातारबाबा बसायला घोंगडी घेऊन आले होते. चालकांना उंचावर उभं राहायला म्हणून उसाची रिकामी ट्रॉली लावली होती. आमच्या नाशिकच्या माळावर लोखंडी मचाण आहे, छत आहे, पण ट्रॉलीसारखी शान नाही. वर चढलेला प्रत्येक जण आपोआप वरातीतला दिसतो.

सगळा कायदा बैलगाडीचा. आधी गट, मग सेमी, मग फायनल. भोंग्यावर पिवळ्या फेट्यातले गणपाभाऊ. त्यांचा आवाज माईक बंद पडला तरी चालू राहतो.

"आता गटात सुटतीया, नाशिककर पाव्हण्यांची, आपल्या धनाजीरावांच्या दाजींची गाडी! पाव्हणं दिसाय साधं हायती, पण गाडी वाघीण हाय!"

ट्रॉलीवर अलका, हातात रिमोट. चेहरा असा की मी ट्रॉलीमागे जाऊन उभा राहिलो.

"गणपाभाऊ, गाडी माजी हाय," ती वरून म्हणाली.

"आवं ताई, गट-सेमीला आमी लिहून दिल्यालं वाचतो. धनाजीरावांनी तसंच दिलंय. फायनलला गाडी आली की मालकानं सोताच्या तोंडानं नाव सांगायचं. तवा माईक तुमचा."

"फायनललाच सांगते मग."

गट ती सहज जिंकली. पण शेवटच्या फेरीला बगी एका अंगावर झुकून पळत होती, आणि थांबली तिथं मुरमावर लाल थेंब पडले.

"आरं, रगात आलं!" एक पोरगं ओरडलं. गर्दी पुढे सरकली.

कुंकवानं आपलं काम केलं होतं. दांडा वर-खाली होताना चिकटलेली पूड सीलमध्ये गेली, रबर घासून निघालं, आणि चारही शॉकअपमधून कुंकवाचं तेल गळत होतं. मी खाली बसलो. सुभेदारांनी हात पसरून गर्दी मागे लोटली. "पीछे हटो! ऑपरेशन चालू हाय!"

पिशवीत नवे सील फक्त दोन शॉकअपपुरते. बाकीचे मी नाशिकला, निघायच्या आदल्या दिवशी, काही गरज नसताना हौसेनं बदलून संपवले होते. मी अलकाला सांगितलं. ती नुसती भोंग्याकडे बघत राहिली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत सासूबाई आल्या. लाल झालेलं फडकं, लाल झालेले माझे हात बघून थबकल्या. "जावईबापू... माज्या कुंकवानं झालं का वो?"

"छे छे, आई! ऊन. इकडचं ऊन फार. तेल पातळ होतं."

त्या लेकीकडे वळल्या. "खरं गं?"

"खरंच, आई," अलका म्हणाली. "यांनी तेलच चुकीचं भरलंय. नेहमीचंच हाय."

सासूबाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि माझ्याकडे पाहिलं ते अपार कणवेनं. मी मान खाली घालून सील सोडवत राहिलो. संसारात असा आळ अंगावर घ्यायला पगार नसतो, पण त्या एका वाक्यानं आमच्यातला अबोला मिटला. सासूबाई गेल्यावर अलका माझ्याशेजारी मुरमावर मांडी घालून बसली.

"नवे सील कुठं घालताय?"

"दोन्ही पुढे. वळायचं काम पुढचे करतात."

"मागं घाला. मी उडी मारून मागच्या चाकांवर उतरवते गाडी."

"आणि पुढचे गळके?"

"धुवा, तेच सील परत बसवा आणि तुमच्याजवळचं सगळ्यात जाड तेल भरा. जाड तेल सावकाश गळंल."

"अगं, एवढ्या जाड तेलानं पुढची चाकं खड्ड्यात दबणारच नाहीत. गाडी दगडासारखी आपटेल."

"खड्डे मी चुकवते. तुम्ही तेल भरा."

आयुष्यभर मऊ करा, मऊ करा म्हणणाऱ्या बाईनं कडक मागितलं, आणि मी नको म्हणत होतो. तेल भरलं की त्यातले बुडबुडे वर येऊ द्यावे लागतात. दांडा हळूहळू वर-खाली करायचा आणि थांबायचं. घाई केली तर आत हवा राहते आणि शॉकअप ऐन वेळी दगा देतो. भोंग्यावर गणपाभाऊ नाशिककर पाव्हण्यांना हाका मारत होते. सुभेदार दर हाकेला "अभी नहीं!" म्हणून गरजत होते. मी बुडबुडे बघत होतो. शेवटचा एक बुडबुडा तळाशी चिकटून बसला, तो काही निघेना. अलका माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "ऱ्हाऊ दे त्याला. त्यालाबी यात्रा बघायची असंल." आणि तो सुटला.

सेमीतून दोनच गाड्या फायनलला जाणार होत्या. सांगलीची एक निळी गाडी पहिल्यापासून पुढे, तिच्यामागे तासगावची, मग आमची. बगी पुढून लाकडासारखी ताठ, पण अलका तिला खड्ड्यांच्या मधून सुईत दोरा घालावा तशी काढत होती. मोठ्या टेकाडावरून बगी उडाली की अलका हवेतच वेग वाढवायची, नाक वर उचललं जायचं, आणि माझे नवे सील घातलेले मागचे शॉकअप धप्पकन तिला झेलायचे. प्रत्येक धप्पला सुभेदार माझा दंड आवळायचे. दंड अजून दुखतो.

शेवटच्या फेरीला तासगावच्या गाडीनं मोठ्या टेकाडावर घाई केली. ती नाकावर उतरली, कोलांटली आणि घोंगडीवाल्या म्हातारबाबांच्या पायाशी जाऊन पडली. अलकाची बगी तिच्या बाजूनं निघाली. पुढच्या डाव्या शॉकअपमधून लाल रेघ ओढत, खुरडत, दुसरी!

धनाजी ट्रॉलीवर चढला तो बहिणीला उचलायच्या बेतात होता. तिनं रिमोट पुढे धरून त्याला लांब ठेवला. गणपाभाऊंनी माईक तिच्यासमोर आणला. "हां, बोला ताई. फायनलची गाडी, कुणाची?"

आणि अलका गप्प झाली. नाशिकपासून शिराळ्यापर्यंत जी अखंड बोलत होती, ती माईक हातात धरून नुसतीच उभी. भोंग्यातून तिचा श्वास ऐकू येत होता. सगळं मैदान थांबलेलं. ट्रॉलीच्या चाकाशी मी उभा होतो आणि मलाच घाम फुटला. मग तिची नजर गर्दीत कुणाला तरी सापडली.

"मी अलका," ती म्हणाली. भोंगा डोंगराला धडकून परत आला. "शेवंताबाईंची अलका. गाडी माजी हाय."

"आगं, माजं कशापायी!" गर्दीतून सासूबाईंचा आवाज आला. त्यांनी पदर तोंडावर ओढला, आणि पदराआडून त्या चारी बाजूंना बघत होत्या की कुणी कुणी ऐकलं.

फायनलचं विचाराल तर ती फार लांबली नाही. पुढच्या शॉकअपमध्ये तोवर तेलाचा थेंब उरला नव्हता. पहिल्याच टेकाडावर बगी नाकावर आपटली, तीनदा कोलांटली आणि चाकं वर करून पडली. पण गणपाभाऊंना आता नवं नाव मिळालं होतं आणि ते सोडायला तयार नव्हते. "गेली, गेली, गेली! शेवंताबाईंच्या अलकाची गाडी गेली! शेवंताबाईंच्या अलकाची गाडी पालथी पडली हो! आरं, शेवंताबाईंच्या अलकाची गाडी उचला कुणीतरी!" शेजारच्या वस्त्यांनाही कळलं असणार. मी ट्रॉलीवर पाहिलं. अलका रिमोट छातीशी धरून हसत होती, डोळे पुसत होती आणि पुन्हा हसत होती. हरलेलं माणूस इतकं खूश मी कधी पाहिलेलं नाही.

मी दोरी ओलांडून रस्त्यावर धावलो. एका स्वयंसेवकानं मला छातीला हात लावून अडवलं. "ओ काका, आत कुठं? तुमी कोण?"

"गाडी सरळ करायला आलोय," मी म्हणालो, आणि जाऊन केली.